पावसाच्या गावातील पोढी

पुणे-लोणावळा लोहमार्गावर मळवली नावाचे छोटे स्थानक आहे. तेथे उतरून दक्षिणेकडे चालू लागले की समोर लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले दिसतात. विसापूरच्या उतारावर, भाजे गावाच्या डोक्यावर, बौद्ध लेणी कोरलेली आहेत. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास हे काम सुरू झाले. लहानमोठी धरून २२ लेणी आहेत. शाळेची सहल आली की मुले चैत्यगृहाची भव्य कमान पाहतात, नक्षीकाम पाहतात आणि धबधब्याकडे पळतात. पाण्याच्या टाक्यांकडे सहसा कोणी फिरकत नाही. आम्हाला मात्र या लेखात त्या टाक्यांपासूनच सुरुवात करायची आहे.

यांपैकी एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक छोटा लेख आहे. महारठी कौशिकीपुत्र विण्हुदत्त याने दिलेले हे दान, असा त्याचा अर्थ. दान कशाचे? तर ‘पोढी’चे, म्हणजे पाण्याच्या टाक्याचे. महारठी ही त्या काळातील मोठ्या अधिकाराची पदवी होती. एवढा मोठा माणूस दान काय देतो, तर पाण्याचे टाके! आणि तेही कोठे? जेथे वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्या लोणावळ्याच्या शेजारी. वाळवंटात कोणी विहीर खोदून दिली तर समजण्यासारखे आहे. पावसाच्या माहेरघरी टाके दान देण्यात कसले आले पुण्य?

हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. भाज्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊन आलेला विद्यार्थी त्याचे उत्तर चटकन देईल. सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही, भेगा असतील तेथेच थोडेफार झिरपते. त्यात उतार तीव्र आणि वर मातीचा थर पातळ. त्यामुळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडलेले पाणी बघता बघता ओढ्यांतून इंद्रायणीत आणि इंद्रायणीतून पुढे निघून जाते. दिवाळीनंतर धबधबे आटतात आणि उन्हाळ्यात डोंगरावर प्यायला पाणी मिळणे अवघड होते. ज्या खडकात पाणी मुरत नाही, त्याच खडकात खोदलेल्या टाक्यातून पाणी गळतही नाही. लेणी कोरणाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. विण्हुदत्ताने पाणी दिले नव्हते, पाणी तर आकाशातून येतच होते. त्याने दिले होते ते उरलेले आठ महिने.

हवामान आणि मानवी समाज यांच्या संबंधाबद्दल बोलताना बहुतेक वेळा आपण एकच आकडा धरून बसतो: पाऊस किती पडतो? तो कधी पडतो, कशावर पडतो आणि तो वापरायला माणसाच्या हाती काय साधने आहेत, हे प्रश्न मागे राहतात. पुणे जिल्हा हा या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी जणू मुद्दाम मांडून ठेवलेला प्रयोग आहे.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर चढताना हवा प्रसरण पावते, थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. घाट ओलांडून वारे पूर्वेला उतरू लागले की हवा दाबली जाऊन तापते, तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि पाऊस झपाट्याने कमी होतो. भाज्यापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत पुणे आहे. तेथे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणखी पूर्वेला, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे सुमारे ११० किलोमीटरमध्ये पाऊस आठव्या हिश्श्यावर येतो. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक जगात फार ठिकाणी आढळत नाही.

आता एक कोडे. या पट्ट्यात शेतकरी प्रथम कोठे स्थिरावला असेल? भरपूर पावसाच्या मावळात, की कोरड्या इनामगावात? इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे: इनामगावात. भाज्याची लेणी कोरायला सुरुवात होण्यापूर्वी चौदाशे वर्षे तेथे शेतकरी राहत होते.

डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात इनामगावचे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातील प्रमुख नावे. भारतातील ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे इतके सविस्तर उत्खनन क्वचितच झाले असेल. तेथे वस्तीचे तीन टप्पे आढळले. इ.स.पूर्व १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे संस्कृतीचा आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे संस्कृतीचा. जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव. तेथे ही संस्कृती प्रथम ओळखली गेली म्हणून तिला ते नाव मिळाले.

या लोकांकडे दगडाची पाती होती आणि थोडेसे तांबे होते. लोखंड नव्हते. मावळातील दाट जंगल तोडायचे, त्यातील मुळे उपटायची आणि पहिल्या पावसात वाहून जाणारी उतारावरची माती धरून ठेवायची, हे काम अशा साधनांनी होणे कठीण. घोड, भीमा, प्रवरा या नद्यांच्या काठी मात्र विरळ काटेरी झुडपे होती, जमीन काळी होती. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि तो ओलावा हिवाळ्यापर्यंत जपून ठेवते. त्यावर रब्बीचे पीक निघते. म्हणजे भाज्याचा खडक जे करीत नाही, ते इनामगावची माती करते. कमी पाऊस पण साठवणारी जमीन हे गणित जास्त पाऊस पण वाहून नेणारा डोंगर यापेक्षा त्या शेतकऱ्याला परवडले.

पूर्व जोर्वे काळात इनामगाव चांगले नांदते होते. जव हे मुख्य पीक होते, शिवाय गहू, मसूर, वाटाणा, हुलगे, वाल ही धान्ये होती. घरे मोठी आणि चौकोनी, भिंती मातीच्या व बुटक्या, वर शाकारणी. सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे गावकऱ्यांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी पाट काढला होता आणि त्याच्या कडेला दगडमातीचा बांध घातला होता. हे एका घराचे काम नव्हे. कोणीतरी ठरवायचे, इतरांनी मान्य करायचे, सर्वांनी राबायचे आणि नंतर पाणी वाटून घ्यायचे, अशी काही व्यवस्था असल्याशिवाय पाट निघत नाही. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठारही तेथे सापडले. ते गावप्रमुखाचे असावे, असे उत्खनकांचे मत आहे. लहरी पाऊस, सामूहिक पाट आणि गावप्रमुख या तीन गोष्टी एकाच मातीत सापडणे हा योगायोग नसावा.

इ.स.पूर्व १००० नंतर चित्र बदलते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. मातीच्या भांड्यांचा घाट आणि रंगकाम उतरते. धान्याचे अवशेष कमी होतात आणि हरणांसारख्या शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यांतील जोर्वे वस्त्या तर याच सुमारास ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात लोक कसेबसे आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले. इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास इनामगावही उठले.

का उठले? ढवळीकरांनी याचे उत्तर हवामानात शोधले. पाऊस कमी होत गेला, शेती पिकेना, लोक मेंढ्या-गुरे घेऊन भटकू लागले, अशी त्यांची मांडणी होती. ती पटण्यासारखी आहे. गोल झोपडी ही आजही फिरस्त्यांची झोपडी आहे. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावर लिहिणाऱ्यांनी ही मांडणी अनेक वर्षे जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली.

परंतु विज्ञानात एक अडचण नेहमीच येते. पाऊस कमी झाला हे आपण कशावरून म्हणतो? झोपड्या लहान झाल्या यावरून. आणि झोपड्या लहान का झाल्या? पाऊस कमी झाला म्हणून. हा तर गोल गोल फिरणारा युक्तिवाद झाला. पावसाचा पुरावा झोपड्यांपासून स्वतंत्रपणे मिळायला हवा.

तसा पुरावा बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरात मिळाला. अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. सरोवरात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. त्यामुळे ते एका प्रचंड पर्जन्यमापकासारखे वागते. चांगल्या पावसाच्या काळात पातळी वाढते. अवर्षणात पाणी आटते, क्षार दाट होतात आणि तळाशी गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक जमू लागतात. हे सोडियम व कॅल्शियमचे कार्बोनेट आहे. दरवर्षी गाळाचा नवा पापुद्रा बसतो आणि जुना खाली गाडला जातो. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात गेल्या ११,००० वर्षांची नोंद होती. २०१४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीर्घ अवर्षणांचे दोन कालखंड त्यांना आढळले. पहिला आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

आता हे आकडे फळ्यावर एका रेषेवर मांडून पाहा. पहिला कालखंड म्हणजे साधारण इ.स.पूर्व २६०० ते १९००. सिंधू संस्कृतीची नगरे उतरणीला लागली ती याच्या अखेरीस. मेघालयातील मॉमलूह गुहेच्या लवणस्तंभातही सुमारे ४२०० वर्षांपूर्वीचे अवर्षण नोंदलेले आहे. त्यावरूनच २०१८ साली भूवैज्ञानिकांनी सध्याच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. येथवर ठीक जुळते. पण इनामगाव उठले ते सुमारे २७०० वर्षांपूर्वी, म्हणजे दोन्ही कालखंडांच्या मधोमध! ज्या काळात गाव उठले, त्या काळात लोणारच्या गाळात दीर्घ अवर्षण दिसत नाही.

याचा अर्थ ढवळीकर चुकले, असे लगेच म्हणू नये. लोणार इनामगावपासून अडीचशे किलोमीटर दूर आहे आणि दहा-वीस वर्षांचा लागोपाठ दुष्काळ एखादे गाव उठवायला पुरेसा असतो. गाळात तो कदाचित उमटणारही नाही. पण शंका घ्यायला जागा निश्चित आहे. इनामगावात पुरलेल्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हवामानबदलाच्या सरळसोट स्पष्टीकरणावर प्रश्नचिन्ह उभे केले. मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा हाडांत आहेत, उपासमार खरी आहे. पण ती पाऊस घटल्यामुळेच आली, की शेकडो वर्षे त्याच जमिनीतून पीक काढल्यामुळे आणि खाणारी तोंडे वाढल्यामुळे? आमचा कल दुसऱ्या शक्यतेकडे, निदान दोहोंच्या मिश्रणाकडे आहे. कोरड्या प्रदेशात शेतीचा ताळेबंद मुळातच काठावरचा असतो. तो बिघडवायला हवामानाने फार मोठा धक्का द्यावा लागत नाही.

लोणारचा दुसरा कालखंड तर आणखी विचार करायला लावतो. आजपासून २००० ते ६०० वर्षे म्हणजे साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत. सातवाहनांची भरभराट, अजिंठ्याची चित्रे, वेरूळचे कैलास लेणे, देवगिरीचे यादव हे सारे त्यात येते! दुष्काळी कालखंडात दरवर्षीच दुष्काळ पडतो असे नाही, हे खरे. तरीही ‘पाऊस कमी म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास’ हे सूत्र महाराष्ट्राच्या इतिहासाला लागू पडत नाही, एवढे नक्की.

मग भाज्याला लेणी का झाली? येथेही हवामानाचा हात आहे, पण तो सरळ नाही. भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने फिरती थांबवून एके ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम गंगेच्या मैदानात तयार झाला. चिखलातून चालताना कोवळे अंकुर आणि किडेमुंग्या तुडवल्या जातात, हे त्याचे एक कारण. खडकात निवारा कोरण्याची कल्पनाही तिकडचीच. बिहारमधील नागार्जुनी टेकडीत अशोकाचा नातू दशरथ याने आजीवक साधूंसाठी गुहा कोरून दिल्या. त्या पावसाळी निवासासाठी आहेत, असे तेथील लेखांतच म्हटले आहे. ही कल्पना सह्याद्रीत आली तेव्हा तिला आडव्या थरांचा, कोरायला योग्य असा खडक मिळाला आणि निवाऱ्याची खरोखर गरज पडावी असा पाऊसही मिळाला.

भाज्याच्या चैत्यगृहात या प्रवासाची खूण दिसते. आतले २७ अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, ते आत कललेले आहेत. दगडात असे कलण्याची काही गरज नाही. लाकडी इमारतीत छताचा दाब बाहेर ढकलतो, म्हणून तेथे खांब कलते लावतात. कारागिरांनी ती सवय दगडात उतरवली. छताला तर खऱ्या लाकडी कमानी बसवल्या. त्यांच्यावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली सापडली, म्हणजे काही लाकूड दोन हजार वर्षांहून जुने आहे. दर्शनी भागातील लाकडी पडदा मात्र पावसाने खाल्ला. आज त्याच्या खाचा तेवढ्या शिल्लक आहेत. आतले लाकूड टिकले आणि बाहेरचे गेले. पावसाळी मुलखात खडकच का कोरायचा, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

पण दानाचे पैसे कोठून आले? त्याचाही माग पावसाच्या वाऱ्यांपर्यंत पोचतो. ‘मॉन्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला. तांबड्या समुद्रातील बंदरांमधून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैऋत्येच्या वाऱ्यावर भारतात येत आणि हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुटले की परतत. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून माल बोरघाटाने वर चढे आणि तेर, पैठणकडे जाई. पावसात बैलांचे तांडे घाट चढू शकत नाहीत. पाऊस संपला, वाटा वाळल्या की वाहतूक सुरू. घाटाखाली कोंडाणे, वर कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच वाटांच्या आसपास आहेत. आणि वाटा सुरू होत त्या नेमक्या डोंगरावरचे झरे आटू लागण्याच्या मोसमात. टाके दान देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाटसरूही असावेत, असे आम्हाला वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्सवर्थ हंटिंग्टन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने असे प्रतिपादन केले की थंड, बदलत्या हवामानात माणसे उद्यमशील होतात आणि उष्ण हवामानात सुस्तावतात. साम्राज्ये चालवणाऱ्यांना हे फारच सोयीचे होते. आपल्याकडील काही जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतही त्याची छाया होती. हंटिंग्टनला भाज्याचे टाके दाखवायला हवे होते.

भाज्याजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे सुमारे ३० किलोमीटरवर देहूला पोचते. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. त्यात तुकारामांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले. ज्या नदीच्या उगमाकडे धो धो पाऊस पडतो, तिच्या काठच्या गावात माणसे अन्नावाचून मेली. खोल पात्रातले पाणी शेतात चढवण्याची सोय नव्हती आणि शेत पिकत होते ते आकाशातून त्याच्यावर पडणाऱ्या पावसावर. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात लाखो माणसे दगावली, तेव्हा रेल्वे आली होती. पण धान्याची निर्यातही चालूच होती. १९७२ साली महाराष्ट्रात पुन्हा मोठे अवर्षण झाले. या वेळी खडी फोडण्याची, पाझर तलावांची कामे निघाली, लाखो लोकांना मजुरी आणि धान्य मिळाले, भूकबळी टळले. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. तिन्ही वेळा आकाश कोरडेच होते, बदलले ते जमिनीवरचे.

मावळच्या पावसाचा अर्थही असाच बदलत गेला. ताम्रपाषाणयुगाच्या शेतकऱ्याने जो टाळला, त्याच पावसावर पुढे भातखाचरे उभी राहिली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून ‘इंद्रायणी’ हे वाण निघाले. १९१५ साली टाटांनी लोणावळ्याच्या तलावांतील पाणी घाटाखाली सुमारे ५०० मीटर सोडून खोपोलीला वीज तयार केली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला वळले, याची किंमत कोणी मोजली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

भाज्याचे नाव आधुनिक काळात वृत्तपत्रांत आले ते वेगळ्याच कारणाने. जुलै १९८९ मधील अतिवृष्टीत डोंगराचा भाग खचून गावावर आला आणि तीसहून अधिक माणसे मरण पावली. ३० जुलै २०१४ रोजी याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे दगावली. खडकावर साचलेली झिजलेली माती पाण्याने जड होते, मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कणांची पकड सुटते आणि सारा थर घसरतो. माळीणनंतर डोंगरउतारावरील सपाटीकरणाचीही बरीच चर्चा झाली.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे त्यात दिसून आले. त्याच पट्ट्यात पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटला आहे. म्हणजे ‘पाऊस किती?’ या प्रश्नाचे उत्तर ‘थोडा कमी’ असे आहे आणि ‘तो कसा पडतो?’ याचे उत्तर अगदीच वेगळे आहे.

आपल्या शाळेच्या परिसरातील पर्जन्यमापकाच्या नोंदी तहसील कार्यालयात किंवा कृषी खात्याकडे मिळू शकतात. मुलांना केवळ वार्षिक बेरीज काढायला सांगू नये. एका दिवसात १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडलेले दिवस प्रत्येक वर्षी किती, हे मोजायला सांगावे आणि त्याच कागदावर गावातील विहिरी कोणत्या महिन्यात आटल्या हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहायला सांगावे.